त्या विमानाचं पुढे काय झालं

लातूर
२४ ऑगस्ट २०२५

चि. मालविकास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू बोललेलं मला निम्मं कळत नाही. जेटच्या आवाजानं कान गेले ते गेलेच, तेव्हा पत्रच बरं. तुझी मामी दिवसभर माझ्यावर ओरडते, म्हणजे तिची तब्येत उत्तम समज.

काम असं. रेणापूरजवळच्या आपल्या गावात माझ्या नावाची कमान होणार आहे. सरपंच संगमेश खुशीत येऊन सांगून गेला, की वर शत्रूचं विमान पाडणारा वीर असं मोठ्या अक्षरांत लिहिणार. एकाहत्तरच्या लढाईत माझ्या नावावर एक विमान लागलं, हे खरं. पण मी पाहिलं ते एवढंच, की माझ्या गोळ्या लागल्या, धूर निघाला आणि ते झाडांच्या आड गेलं. पडताना पाहिलं नाही. तसंच मी लिहून दिलं, वरच्यांनी ते पडलं असं धरलं आणि माझी पाठ थोपटली.

तू नांदेडला कॉलेजात इतिहास शिकवतेस आणि असले दावे दोन्हीकडच्या नोंदींशी ताडून बघतेस. साऱ्या जगाचे तपासलेस, घरच्या माणसाचा तेवढा सोडलास. आता माझाही बघ. कमानीचं राहू दे, मला त्या विमानातला पोरगा हवा आहे. माझ्याच वयाचा असेल. तो मेला की वाचला, हे विचारायला मी आजवर भ्यालो. आता कळल्याशिवाय मला डोळे मिटायचे नाहीत. मामा म्हणून भीड ठेवू नकोस.

आमची माया तुझ्यावर आहेच, तूही हात आखडू नकोस.
तुझा मामा,
श्रीपाद

नांदेड
१४ सप्टेंबर २०२५

ती. स्व. मामा यांस,
मालविकाचा शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, हवं तर रागवा. पण खात्री झाल्याशिवाय लिहायचं नव्हतं. मामा, ते विमान पडलंच नव्हतं!

आपल्या स्क्वाड्रनच्या डायरीत तारीख आणि जागा तुम्ही सांगता तीच आहे. मग तिकडच्या तुकडीचा छापील इतिहास मिळवला. त्या दिवशी त्यांचं तिथं एकही विमान पडलेलं नाही. पण पंखाला भोकं पडलेलं एक विमान धूर सोडत आलं आणि चाकं न उघडल्यामुळे धावपट्टीवर पोटावर उतरलं, अशी नोंद आहे. नुसत्या छापील मजकुरावर मी विसंबत नाही, नुकसान लपवायला सगळेच शिकलेले. म्हणून त्या वैमानिकाच्या लेकीचा पत्ता काढून तिला ई-मेल केला. तिनं कळवलं, की अब्बांचा खांदा मोडला होता, बाकी काही झालं नाही. ते हयात आहेत. ऐंशी उलटली, मोतीबिंदू काढला, आणि डॉक्टरांचं न ऐकता गोड खातात.

तुम्ही खोटं बोलला नव्हता. त्या वेगात धूर दिसला की पडलं असंच वाटतं. दोन्हीकडचे आकडे असेच फुगलेत. आणि गंमत ऐका, त्याच झटापटीत त्यांनीही एक भारतीय विमान पाडल्याची तिकडे नोंद आहे. तिथं दुसरं आपलं कुणी नव्हतंच. म्हणजे ते तुम्ही! तिकडच्या हिशेबानं तुम्ही एकाहत्तरलाच गेलात.

कमानीवरचं वाक्य मात्र आता खरं धरता येणार नाही. गावाचा हिरमोड माझ्यामुळे होतोय, याचं वाईट वाटतं.

मामीला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
मालविका

लातूर
२३ सप्टेंबर २०२५

चि. सौ. मालविकास,
मामीचे पोटभर आशीर्वाद.

तुझे मामा लिहायला बसले की डोळेच पुसत राहतात, म्हणून मी लिहून राहिले. तुझं पत्र वाचून ते लई रडले माय. पोरगा वाचला, पोरगा वाचला, एवढंच घोकत होते. ऐंशीच्या म्हाताऱ्याला पोरगा म्हणून राहिलेत!

संगमेशला बोलावून ते वाक्य काढायला लावलं. तो हिरमुसला, विमान पाडल्याबिगर कमानीला काय शोभा म्हणाला. ह्यांनी बजावलं, नाव लिही, हवाई दलात होतो एवढं लिही, न्हाई तर कमानच नको. मला तेवढं पुष्कळ आहे, असं म्हणाले.

आता कुणाला न सांगितलेलं सांगते. लग्न झाल्यापासून दर सर्वपित्रीला आमच्याकडे एक पान जास्तीचं वाढलं जायचं. आजे-पणजे सगळ्यांची नावं घेऊन झाली की ह्या पानावर ते नाव न घेता पाणी सोडायचे. विचारलं तर ओळखीचा आहे म्हणायचे. मला वाटायचं, फौजेतला कुणी दोस्त असेल. तो हा निघाला! जित्या माणसाचं पान वाढत होतो गं आम्ही. मी कपाळालाच हात लावला. पण आपल्यात म्हणतातच की, जित्याला मेला म्हटलं की त्याचं आयुष्य वाढतं. मग तो या वयात गोड खाईल न्हाई तर काय!

परवा अमावास्येला ते पान वाढलं न्हाई. त्या वाट्याची खीर तुझ्या मामांनी मागून खाल्ली. सकाळपासून वडिलांनी शिकवलेली उर्दू आठवत त्या माणसाला पत्र लिहून राहिलेत. तुझे उपकार कसे फेडावेत, हे त्यांना कळेना झालंय.

आणि माझ्या मनात एकच येऊन राहिलं बघ. तिकडं ह्यांना गेलेलं धरलं होतं. त्या भल्या माणसानंही कधी ह्यांच्यासाठी दुवा मागितली असेलच की. बायपासनंतर हे शुद्धीवर आले, तेव्हा मी तुळजापूरला जाऊन ओटी भरली, देवीनं कुंकू राखलं म्हणून. पण त्या माणसाच्या दुव्याचं देणं तेवढं राहून गेलं. त्याच्या लेकीला कळव, लातूरची एक बाई तुझ्या बापाच्या पाया पडते म्हणावं.

तुझीच,
सरोजिनीमामी