हुक लावण्याआधी

आई, पुढच्या मंगळवारी माझी परीक्षा आहे. हसू नकोस. सत्तेचाळिसाव्या वर्षी, डोळ्यांवर जवळचा चष्मा लावून, मी प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या सर्टिफिकेटसाठी अभ्यास करते आहे. तू गेलीस तेव्हा मी पुण्यातल्या एका कारखान्यात नवी नवी इंजिनिअर होते. आता म्युनिकमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे आणि सुटे भाग कमी, मीटिंगाच जास्त बघते. आमच्या विभागप्रमुख बाईंनी सांगून ठेवलं आहे, सर्टिफिकेट आण, नवा प्रकल्प तुझ्या हातात देते. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या प्रकल्पांतले घोळ निस्तरल्यावर मला हा प्रकल्प हवा आहे. अगदी हावरटासारखा हवा आहे.

ही परीक्षा मी मार्चमध्ये एकदा दिली आणि नापास झाले. घरी सांगितलं, तारीख पुढे ढकलली. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मी लहानपणापासून जरा जास्तच मनावर घेतलेलं, तुला माहीत आहे. बाकी सगळं जमलं होतं, माझं घोडं अडलं ते अजाइलच्या प्रश्नांवर. अजाइल म्हणजे कामाची एक पद्धत. सगळं काम पूर्ण करून एकदम गिऱ्हाइकापुढे ठेवायचं नाही. त्याचे दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडायचे, एकेक तुकडा झाला की गिऱ्हाइकाला बोलावून दाखवायचा, ते नाक मुरडेल तिथे बदलायचं आणि मग पुढे जायचं. सरावाच्या पुस्तकात एक प्रश्न वेश बदलून पुन्हा पुन्हा येतो: ग्राहकाला काम अर्धवट असतानाच पाहायचं आहे, तुम्ही काय कराल? चार पर्याय असतात आणि माझं बोट हटकून एकाच पर्यायावर जातं, आधी पूर्ण करीन, मग दाखवीन. ते उत्तर हटकून चूक निघतं. चुकांची एक वेगळी वही केली आहे, ती मी ऑफिसला जाताना वाचते.

गेल्या महिन्यात एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, बसून मी हाच प्रश्न सहाव्यांदा चुकले. चिडून मागचं उत्तर काढलं. काम कच्चं असतानाच दाखवावं, कारण तेव्हाच ते बदलता येतं, अशा अर्थाचं काहीतरी होतं. मी पुस्तक मिटलं. हे मी ऐकलं होतं, सांगलीत, आपल्या स्वयंपाकघरात, दातांत टाचण्या धरून बोलणाऱ्या तुझ्या तोंडून.

एका भिंतीला ओटा, दुसऱ्या भिंतीला तुझं पायमशीन. डाळ शिजते आहे. कपाटाच्या आरशासमोर कोणीतरी बाई उभी आहे, अंगात कच्च्या टाक्यांचं ब्लाउज, तेही एकाच बाहीचं. हुकांचा पत्ता नाही, पुढे नुसत्या टाचण्या. तू म्हणते आहेस, "हात वर करा. आता पोळी लाटताय तसे हलवा. अहो, लाजताय काय, लाटा की! नुसतं उभं राहून काय कळतंय?" आणि ती बाई हवेत पोळ्या लाटते आहे. मी कोपऱ्यात पुस्तक तोंडासमोर धरून हसते आहे. ट्रायल झाल्याशिवाय तू कधी पक्की शिलाई मारली नाहीस. आत शिवणीला बोटभर माया सोडल्याशिवाय कापडाला कात्री लावली नाहीस, का तर उद्या सैल करायची वेळ आली तर कापड हवं. बाई गेली की तू तेच ब्लाउज निम्मं उसवून टाकायचीस. मला तेव्हा त्याची लाज वाटायची. वाटायचं, आईला एका फटक्यात शिवता येत नाही.

म्हणून तर मी तो उपद्व्याप केला. मी सोळा वर्षांची, दहावीची सुट्टी, आणि तू मावशीच्या आजारपणासाठी चार दिवस मिरजेला गेलेली. मागच्या गल्लीतल्या मुलीचं साखरपुड्याचं ब्लाउज तू कापून, टाचायला काढून ठेवलं होतंस. साडीतूनच निघालेलं जांभळं रेशीम, त्याच्या जोडीचं कापड बाजारात मिळणं शक्य नाही. तुला चकित करायचं म्हणून मी ते पूर्ण शिवलं. अस्तर लावलं, गळ्याला गोट लावला, हुक लावले. आतून लोंबणारं जास्तीचं कापड गबाळं दिसत होतं, म्हणून सगळी माया कापून टाकली. तू परत आलीस, ब्लाउज उलटं करून पाहिलंस आणि तुझा चेहरा उतरला. मला वाटलं, प्रवासाने दमली असेल. संध्याकाळी ती मुलगी आली. ब्लाउज कसंबसं चढलं, पण दंडात काचायला लागलं. "काकू, हातच वर होईना," म्हणाली. पोळी लाटणं लांबच राहिलं.

तिच्यासमोर तू मला एक शब्द बोलली नाहीस. साडी नेसताना जे टोक आत खोचलं जातं, त्यातून चार बोटांची पट्टी काढलीस, काखेत जोडलीस आणि तिची वेळ निभावलीस. ती गेल्यावर तांदूळ निवडता निवडता म्हणालीस, "शिवलंयस छान. माझ्यापेक्षा बारीक टाका आहे तुझा. पण जिच्या अंगावर चढायचं, तिला विचारलंस का?" मी म्हणाले, "तीच जाड झालीय." दुसऱ्या दिवसापासून कच्चे टाके घालायचं काम तू माझ्याकडे दिलंस, आणि ते मी कॉलेजला जाईपर्यंत तोंड वाकडं करून केलं. तू मारलं असतंस तर बरं झालं असतं. आधी ते कौतुक आणि मग तो प्रश्न, हे मला फार लागलं.

तर त्या दिवशी एस-बानमधून उतरले आणि संध्याकाळी जेवताना सांगून टाकलं की मार्चमध्ये मी नापास झाले होते. नवरा म्हणाला, "मला शंका होतीच. परीक्षेचं नाव काढलं की तू उठून भांडी घासायला लागायचीस." तुझी नात चौदा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये, आणि जर्मनमध्ये आई म्हणजे मामा. "मामा, वारूम हास्ट डू निश्ट्स गेझाग्ट?" काही बोलली का नाहीस, म्हणून तिचे डोळे भरले. मला वाटलं होतं ती हसेल. मी चुकांची वही आणून तिच्यापुढे ठेवली. आता शनिवारी नाश्त्याला ती माझी परीक्षा घेते. बरोबर आलं की "गेनाऊ!" म्हणून टेबलावर थाप मारते, चुकलं की "आल्झो, मामा" म्हणते आणि एक भुवई वर करते, हुबेहूब तुझ्यासारखी. ऑफिसातही, हातात यायच्या आधीच करायला घेतलेला नव्या प्रकल्पाचा आराखडा मी भोकांसकट सगळ्यांसमोर ठेवला. एका सहकाऱ्याने दहा मिनिटांत अशी चूक दाखवली, जी मला दोन महिन्यांनी सापडली असती. कोणी हसलं नाही. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, असंच दर आठवड्याला दाखवत जा. मंगळवारी मी पास होईन असं मला वाटतं, आई. खरंच वाटतं.

हे पत्र कुठे पाठवणार? चुकांच्या वहीतच मागे ठेवून देईन. पण एक सांगायचं राहिलं आहे. तू मिरजेला होतीस तेव्हा, तू यायच्या आदल्या दिवशी, ती मुलगी आली होती. तोवर एकच बाही लागली होती, हुक लावायचे होते, माया तशीच होती. "काकू नाहीत तर तू बघतेस का माझ्या अंगात घालून?" असं तिने विचारलं. मी दार अर्धंच उघडलं आणि म्हणाले, पूर्ण झालं की ये. दुसऱ्या दिवशी आरशासमोर हात अवघडलेला असताना तिने आधी तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि आदल्या दिवशीचं तुला सांगितलं नाही. तू मला विचारलंस, तिला विचारलंस का. आई, तिनेच मला विचारलं होतं.