सहाव्या बाटलीची चव

आये, तुझा बिस्किटांचा डबा आज सापडला. कौलं चाळायला माणूस आला होता, माळ्यावरचं सामान खाली काढताना डबा पडला आणि आतली बुचं अंगणभर घरंगळली. चार बुचं. कौलवाल्याने एक उचलून नाकाला लावलं, म्हणाला, "कसली म्हनायची ही?" मी म्हणालो, औषधाच्या बाटल्यांची. तुला जाऊन बारा वर्षं होऊन गेली, तरी त्या बाटल्यांचं नाव निघालं की माझ्या तोंडून पहिलं खोटंच येतं. तो गेल्यावर मी चारही बुचं ओळीने ओटीवर मांडली आणि हे लिहायला बसलो.

तुझ्या जिभेचं मला लहानपणी काही वाटायचं नाही, कारण ती रोजचीच होती. बाबा माडाला चढायचे. उतरवलेल्या माडीचा तू नुसता वास घेऊन सांगायचीस, ही सकाळची, ही दुपारची, ही आता भांडायला लागलीय, टाकून द्या. बाबा गेले, मग दारूबंदी आली, माडीची मडकी पालथी पडली. तू त्याआधीपासूनच पारशी शेटजींच्या बंगल्यावर स्वयंपाकाला जात होतीस. बंगल्यामागे पायऱ्यांची विहीर आहे, अजून आहे. पाण्याच्या वर, ऊन कधीच पोचत नाही अशा कोनाड्यात शेटजींच्या द्राक्षाच्या दारूच्या सहा बाटल्या वाळूत आडव्या निजलेल्या असायच्या. लढाईच्या आधी फ्रान्सातून आणलेल्या, बोर्दोकडच्या. शेटजी तरुणपणी तिकडे शिकायला होते. पुढे त्यांना मोठा ताप आला आणि त्यात त्यांचं नाक गेलं, नाकाबरोबर चवही गेली. "नाक गेलेला पारसी म्हंजे पाणी गेलेली विहीर, बाय," ते म्हणायचे. म्हणून बाटली उघडली की पहिला घोट तुझा. तू सांगायचीस आणि ते डोळे मिटून तुझ्या सांगण्यावर प्यायचे.

जी वस्तू पडून राहून सुधारते, तिचं तुला फार नवल होतं. आपल्याकडे लोणचं मुरतं, पण त्यालाही दोन-तीन वर्षांपुढे कोण ठेवतो? पहिली बाटली उघडली तेव्हा मी मराठी शाळेत होतो, तुझ्या मागून बंगल्यावर आलो होतो. तू घोट घेतलास आणि तोंड वाकडं केलंस. "काजूच्या बोंडावानी हाय, शेटजी. जीभ आवळतेय. रागावलेली हाय." शेटजी टाळी वाजवून हसले. "बरोब्बर! तरणी हाय ना, तुझ्या पोरासारखी! दोन वर्स निजू दे." दर दोन वर्षांनी, त्यांच्या पतेतीला, एक बाटली. तिसऱ्या वेळी तू म्हणालीस, आता जांभळाचा गर लागतोय, पण मागून बियेचा तुरटपणा येतो. पाचव्या वेळी घोट जिभेवर घोळवलास. "राग गेला. पन अजून बोलत न्हाय धड. पुढची उघडाल ती बोलंल." तोवर शेटजींचं काळीज दुखायला लागलं होतं, दारूच्या परमिटासाठी डॉक्टरने खोटाच लिहिलेला काळजाच्या दुखण्याचा शेरा आता खराच झाला होता. ते म्हणाले, "बाय, दोन वर्स मी थांबतो. पण तू सांगतेस तशी निघाली पायजे हां. मी तेवढ्यासाठी थांबणार." तू पदराला हात पुसत म्हणालीस, "निघंल. माजी जीभ घ्या लिहून." आणि बूच धुऊन, नेहमीसारखी नखाने खूण करून घरी आणलंस, डब्यात टाकलंस. पाच झाली.

ती दोन वर्षं संपायला तीन महिने होते तेव्हा मी मुंबईचं कॉलेज सोडून घरी आलो. तुला सांगितलं, तिकडचं पाणी सोसत नाही. खरं कारण म्हसळ्याच्या एका मास्तरांच्या घरात होतं, हे तुला पहिल्या दिवशीच कळलं असणार, कारण मी जेवत नव्हतो आणि एसटी आली की रस्त्यावर जाऊन उभा राहत होतो. मास्तरांच्या ज्या मुलीत माझा जीव गुंतला होता, तिला स्थळं बघत होते. तिचा भाऊ माझ्या वर्गातला. त्याला मी निरोप धाडला, ये, बोलू. तो मे महिन्यातल्या एका सकाळी दोन मित्र घेऊन उतरला. सुरूच्या बनात बसलो. मी घसा कोरडा करून सगळं सांगितलं, नोकरी धरीन म्हणालो, तिला सुखात ठेवीन म्हणालो. तो सिगरेटची राख झाडत म्हणाला, "अरे, पण तुझी आई बंगल्यावर भांडी घासते ना?" दुसरा म्हणाला, "मग याच्या बहिणीला पण घासायला शिकवावं लागेल." ते हसले. माझ्या कानशिलात आग झाली. मी ओरडून म्हणालो, भांडी घासत नाही ती, फ्रेंच दारूची पारख करते, शेटजी तिच्या शब्दाशिवाय घोट घेत नाहीत. "असं?" भाऊ म्हणाला. "मग दाखव की तिची पारख. आमची एसटी तीनला आहे."

आये, मी तुझ्यासाठी भांडायला उभा राहिलो आणि तुझीच वस्तू चोरायला गेलो. शेटजी दुपारचे झोपलेले, तू वाटण वाटत होतीस, पाट्याचा आवाज विहिरीपर्यंत येत होता. त्या आवाजाच्या आडून मी पायऱ्या उतरलो. बाटली पंच्यात गुंडाळली, सायकलच्या मागे बांधली आणि खडकाळ रस्त्याने, भर उन्हात, ठेचकाळत नेली. इतक्या वर्षांचा गाळ तिच्या तळाशी बसलेला. तू आदल्या दिवशीच तिला उभी करायचीस, मानेमागे मेणबत्ती धरून इतकी सावकाश ओतायचीस, की पाहणाऱ्याचा जीव जावा. मी चाकूने बूच कुरतडून काढलं, त्याचा भुगा झाला, आणि चहाच्या ग्लासांत गढूळ, कोमट दारू भडाभडा ओतली. भाऊ घोट घेऊन वाळूत थुंकला. "कडू जहर! ही तुझ्या आईची पारख? कोकमात खिळे उकळलेत रे." मीही प्यायलो. मीही थुंकलो. ते गेले, जाताना त्याने खांद्यावर हात ठेवला तो कीव केल्यासारखा.

घरी येऊन मी केलं ते असं. तुझ्याच जांभळाच्या शिरक्यात कोकमाचं आगळ आणि पाणी मिसळलं, रंग जुळेपर्यंत. बाटली भरली, डब्यातलं पाचवं बूच ठोकून बसवलं, वरची शिशाची टोपी दाबून सारखी केली आणि ती परत वाळूत निजवली. शेटजींना चव नाही, आणि तुला मी काय समजत होतो कुणास ठाऊक.

पतेतीच्या दिवशी तू मला बंगल्यावर ताटं मांडायला नेलंस. बाहेर पाऊस, खोलीत मेणबत्ती. शेटजी कोट घालून बसलेत, गळ्याभोवती मफलर, थांबले ते थांबलेच दोन वर्षं. तू बूच काढतेस आणि क्षणभर तळहातावर बघतेस. त्यावर तुझ्याच नखाची जुनी खूण. मग बाटलीमागे मेणबत्ती धरून ओततेस, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि गाळ येतच नाही. तू मान वर करून माझ्याकडे बघतेस. मग घोट घेतेस. शेटजी म्हणतात, "बोल, बाय."

मी दाराची चौकट धरून उभा होतो. मला वाटलं, आता तू बोलशील आणि सगळं संपेल. तू डोळे मिटलेस. "राग न्हाय राह्यला, शेटजी. जांभूळ हाय, पन सावलीत सुकवलेलं. मागनं विड्यातल्या काताचा वास येतोय. आन् तुमच्या त्या चिरुटाच्या पेटीचा, रिकाम्या. गिळली तरी जात न्हाय. घरचं मानूस जेवून ओटीवर बसावं, तशी बसून ऱ्हाते." शेटजींनी शिरक्याचा तो पेला दोन्ही हातांनी धरला आणि हळूहळू रिकामा केला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "एज," ते म्हणाले, "एज तो, बाय. हीच ती." त्याच वर्षी थंडीत ते वारले. तू त्यांच्याशी त्या दिवसाआधी कधी खोटं बोलली नव्हतीस.

मी घाबरत होतो तुझ्या मारालाच. घरी आल्यावर तू पाचवं बूच चुलीत टाकलंस, ते जळेपर्यंत बघत बसलीस आणि एवढंच विचारलंस, "कशी व्हती रं?"

मला वाटलं तू टोमणा मारतेस. आदल्याच आठवड्यात म्हसळ्याहून तिच्या साखरपुड्याची बातमी आली होती, सगळ्या जगावर माझा दात होता. मी म्हणालो, "कडू. थुंकली आम्ही. तुझी पारख ही असली!" तू पुन्हा विचारलंस, रागाने नाही, "मागनं बी कडूच?" मी म्हणालो, "सगळीच." तू मान हलवलीस. "मंग माजीच जीभ गेली म्हनायची," म्हणालीस आणि भाकरी थापायला घेतलीस.

त्यानंतर तू कालवणाची चव स्वतः घेतली नाहीस. पळी माझ्यापुढे धरायचीस. "मीठ बघ रं, मला आता कळत न्हाय." दोन वर्षं, तू असेपर्यंत, रोज.

तुला न सांगितलेलं एवढंच आहे. एसटी गेल्यावर मी त्या बनात एकटा बसून राहिलो होतो. बाटलीत ग्लासभर उरली होती, ती सावलीत वाळूत खोचून ठेवली होती. सूर्य कलायच्या वेळी, टाकून देण्याआधी, मी ती हळूच ग्लासात ओतली. गाळ खाली बसला होता, वारा लागला होता. आये, सुकलेलं जांभूळ होतं. कात होता. तेव्हा मला नावं देता आली नाहीत, ती तू पतेतीला दिलीस, न चाखता, एकेक करून, आणि चौकटीला धरून उभ्या असलेल्या माझ्या तोंडात ती चव परत आली. चिरुटाच्या पेटीसकट. त्या खोलीत तू बरोबर आहेस हे ठाऊक असलेला मी एकटाच होतो. आणि चुलीपुढे तू विचारलंस तेव्हाही.

तुला वाचता येत नव्हतं, आणि हा कागद मी कुणाकडून वाचून घेऊन ऐकवावा अशी तू आता कुठे नाहीस. बुचांबरोबर डब्यात ठेवीन. आणखी एक. तू पळी पुढे धरायचीस तेव्हा मी नुसते ओठ लावायचो आणि म्हणायचो, "बरोबर हाय." चाखत नव्हतो गं मी. तुझ्या हातचं मीठ कधी चुकलंच नव्हतं.