वाकड्या पावलाचं पिल्लू

प्रिय तृप्ती,

पाकिटावर माझं अक्षर बघून कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. फोन तू उचलत नाहीस, आणि उचल म्हणायला मला तोंड नव्हतं. म्हणून अंगणवाडीच्या जुन्या वहीची पानं फाडून लिहितेय. नाशिकच्या खोलीचा पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून, अंजलीकडून काढला. तिच्यावर रागावू नकोस, मी तिला सोडलंच नाही.

घरात सध्या एक पाहुणा आहे, लांडोरीचं पिल्लू. मागच्या महिन्यात आपल्या बांधावर कुत्र्यांनी लांडोर मारली, मागे चार अंडी राहिली. वनखात्याच्या नवनाथभाऊंना फोन केला. ते येऊन बघून गेले आणि म्हणाले, कोंबडी खुडूक होऊन उबवायला बसली असेल तर तिच्याखाली ठेवून बघा, पण पाळायचं नाही. नीट चालायला लागलं की आम्ही नेणार. आपली तांबडी नेमकी खुडूक बसलेली. तिने काही चौकशी न करता चारही पोटाखाली घेतली. तीन वाया गेली, एक फुटलं.

फुटलं तेव्हा ठणठणीत होतं. दुसऱ्या दिवशी बघते तर उजवा पाय बाहेरच्या बाजूला फाकलेला. उठायला जायचं आणि पोटावर पडायचं. ठमाकाकू भिंतीवरून डोकावल्याच. "वाकड्या पावलाचं हाय ते. घरात नको ठिऊ, टाक बांधावर नेऊन." तुझ्या अण्णांनी मान डोलावली. त्यांची मान तुला माहीत आहे, दुसरा बोलला की हलते. मी म्हटलं, ज्याला बघवत नसेल त्याने मागच्या दाराने ये-जा करावी. तेव्हापासून अण्णा खरंच मागच्या दाराने जातात, हट्टाला हट्ट म्हणून.

नवनाथभाऊ जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी पिल्लू तळहातावर घेतलं, पाय हलवून बघितला आणि ते ठेवलंय कुठे, असं विचारलं. मी कोंबड्या झाकायचं डालगं उचललं. खाली फ्लेक्सचा तुकडा होता. तुझ्या लग्नाचा फ्लेक्स गं, इतके दिवस कांद्यावर झाकायला होता तो. धुवायला सोपा म्हणून मीच कापून अंथरला होता. मधोमध जावयांचा फेटा, खाली 'शुभविवाह', आणि फेट्यावर पिल्लाची घाण. डॉक्टरांनी त्यावरून बोट फिरवलं. "याच्या पायात खोट नाही, ताई. तुम्ही अंथरलंय तेच निसरडं आहे. पाय रोवायला काही नसेल तर पाऊल वाकडंच पडणार."

त्यांनी दोन्ही पाय जवळ आणून मधे चिकटपट्टीची बारीक पट्टी लावली, खाली गोणपाट घालायला सांगितलं. मी रोज पट्टी बदलायचे, उकडलेलं अंडं कुस्करून भरवायचे, वाळवी खणून आणायचे. पहिले दोन दिवस माझ्याकडे रागाने बघायचं. मग पट्टीसकट उड्या मारत यायला लागलं. सहाव्या दिवशी पट्टी काढली, तर गोणपाटावर दोन्ही पायांवर उभं राहिलं आणि माझ्याच अंगठ्याला चोच मारली. मी खूप हसले. मग तांबडीजवळ बसून खूप रडले.

कारण ते वाकड्या पावलाचं वाक्य मी आधी म्हटलेलं होतं. गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी तू नामपूरहून एक पिशवी घेऊन आलीस. दारात उभी राहून पाठीवरचे वळ दाखवत होतीस, आणि मी भिंतीवरून कोण बघतंय ते बघत होते. मी म्हणाले, "नवऱ्याचं घर सोडलंस, तृप्ती, तुझं पाऊल वाकडं पडलं." तू उंबरासुद्धा ओलांडला नाहीस, तशीच मागे फिरलीस. वीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना पाऊल टाकायला शिकवलं मी, आणि माझ्या पोरीला असं बोलले. ते घर तू शोधलं नव्हतंस. आम्ही शोधलं, आम्हीच अंथरलं, चारचौघांत मिरवलं. चूक माझी होती. हे मी आता कुणासमोरही म्हणेन.

आणि म्हणायची वेळ आलीच आहे. येत्या रविवारी आपल्या ओट्यावर बैठक आहे. नामपूरची मंडळी येताहेत. तू चारचौघांत चूक कबूल करावीस आणि पुन्हा नांदायला जावंस, असं ठरलंय. अण्णांनी तसा शब्दही दिलाय. शब्द त्यांचा असेल, मुलगी माझी आहे. नवनाथभाऊ शनिवारी पिल्लू न्यायला येणार आहेत, म्हणजे रविवारी माझे दोन्ही हात मोकळे. उरलेला फ्लेक्स आणि तो फेट्याचा तुकडा घासून धुऊन ठेवलाय. मंडळींना बसायला तोच अंथरणार आहे, जावयांचा फेटा वर करून. तुझ्यासाठी माझ्याशेजारी गोणपाट. तुला काही कबूल करायचं नाही, बोलायचंसुद्धा नाही, बोलणार मी. आणि त्यांना नाही पटलं, तरी तू परत जाणार नाहीस. फक्त ये. पुढच्या दाराने ये, उंबऱ्यात थांबू नकोस. पाऊल जसं पडेल तसं टाक, पण सरळ आत ये.

तुझीच,
आई