चौदा तारखेची रजा

सोमवार, ३ फेब्रुवारी
ठरलं. सूड घ्यायचा. शांतपणे, कॉन्व्हेंटच्या मुलीला शोभेल असा.

आमची प्रिन्सिपॉल प्रीता. बारा वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात बसून शिकवायला शिकली. एरवी मला मिसेस पेंडसे म्हणते. लतामावशी म्हणाली की समजावं, नवं काम आलं. आज दोनदा म्हणाली. एक, 'स्टाफ वेलनेस' कमिटी. दोन, सकाळी मुलांना सोडणाऱ्या गाड्यांच्या रांगेत उभं राहायची ड्यूटी. उणे बारा अंशांच्या थंडीत!

मंगळवार, ४ फेब्रुवारी
रजा टाकली. शुक्रवार, चौदा. मुद्दाम. व्हॅलेंटाइन पार्टी, तिसरीतली सव्वीस मुलं, सव्वीस कपकेक. एकोणीस वर्षांतली पहिली रजा. माझ्या जागी जी सब, म्हणजे बदली शिक्षिका येईल, तिच्यासाठी दिवसाच्या प्लॅनची एक ओळही लिहून ठेवणार नाही. दुपारपर्यंत प्रीताचा रडत फोन येईल. उचलणार नाही.

मनोहर म्हणाले, तुला जमणार का हे? म्हटलं, बघाच.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
फक्त हजेरीची यादी ठेवणार. ती काही प्लॅनमध्ये मोडत नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी
निधीला शेंगदाणे चालत नाहीत. एवढं लिहायलाच हवं. सूड प्रीतावर आहे, निधीवर नाही. अक्षतच्या थर्मासचं झाकण त्याला उघडत नाही. मदत मागणार नाही, उपाशी बसेल. कॉन्व्हेंटात सिस्टर ॲग्नेस माझी सुटलेली रिबीन अशीच, न मागता, रोज बांधायच्या. डोळे भरून आले. निश्चय कायम. दोनच पानं झालीत.

बुधवार, १२ फेब्रुवारी
चौदा पानं. मनोहर म्हणाले, सुडाला लॅमिनेशन कशाला? पेन्सिलींना टोकं करायची राहिलीत.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी, सकाळी ६.४०
सगळ्या स्टाफला ईमेल: तिसरीला सब मिळालेली नाही, कुणी वर्ग घेईल का?
हा! चहा टाकला. फोन वाजला. प्रीता. उचलला नाही. दुसरा कप घेतला.

६.५०
प्रीताचा मेसेज. लतामावशी, काळजी नको, मुलांना तीन वर्गांत वाटून टाकते. तुम्ही आराम करा.
वाटून टाकते? माझी मुलं? अक्षत कुठल्या वर्गात जाणार?

६.५५
कोट चढवला. सूड रद्द नाही. फक्त आतून घेणार.

दुपारी ४.१५
स्वतःच्याच वर्गावर सब म्हणून गेले. प्लॅन समोर ठेवला. साडेअकरा झाले तरी तिसऱ्याच पानावर. सहा पालकांना फोन करणे. कपकेक वाटताना स्पेलिंग घेणे. गाड्यांची रांग. चौदा पानांत बाथरूमला जायची वेळ कुठेही नाही! हा प्लॅन लिहिणारी बाई समजते काय? समोरची माणूस आहे की मशीन?

अक्षतचं झाकण उघडून दिलं. तो म्हणाला, यू आर बेटर दॅन अ सब. त्याबद्दल त्याला जास्तीचा कपकेक दिला. हे प्लॅनमध्ये नव्हतं.

जाताना प्रीता दारात आली. प्लॅन चाळला. लतामावशी, ब्यूटिफुल, म्हणाली. सगळ्या स्टाफला नमुना म्हणून पाठवते.

शेवटी सबनं भरायचा फॉर्म असतो. तक्रारीच्या रकान्यात मनात होतं ते सगळं लिहून काढलं. अपेक्षा अमानुष, बाई हट्टी, कुणीतरी हिला स्पष्ट सांगायला हवं. मागची बाजूही भरली. हात दुखला, पण काळीज थंड झालं.

मग खालची ओळ वाचली. फॉर्म वर्गशिक्षिकेच्या टेबलावर ठेवावा.

ठेवला.