ताईच्या तंबोऱ्याची खोळ

इचोडा, मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज ताईचा दहावा झाला. तिचं सगळं आयुष्य गाण्यात गेलं, रेडिओवर, मैफलींत. दुपारी तिची शिष्या निर्मलहून आली. कोपऱ्यातल्या तंबोऱ्याच्या खोळीची गाठ सोडत म्हणाली, "मामा, बाईंनी शिकवलेलं एक पद गाऊ?"

मी म्हणालो, सुतकात गाणं नको. लोक काय म्हणतील, एवढंच डोक्यात. तिने गाठ पुन्हा बांधली आणि निघून गेली.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "काऊन रोखलं रे तिले? तुह्या बापाच्या दहाव्याले ताईच गायली होती. इसरला?"

विसरलो नव्हतो. तेव्हाही लाजून अंगणात जाऊन बसलो होतो.

ती पोरगी गाठ बांधत होती तेव्हा तरी थांब म्हणायचं...

तिच्यासाठी केलेला चहा तसाच राहिला होता. ओतून दिला, कप विसळला.