गाडी ठणठणीत आहे

२ नोव्हेंबर, लातूर
"बॅटरीत पाणी घालायचं राहिलं होतं, माय." भूकंपाच्या वर्षी अप्पा माझ्याशी एवढंच बोलले होते. मी अकरावीत होते. त्या पहाटे गावाकडच्या घराची भिंत काकूच्या अंगावर आली आणि दारातली गाडी चालूच झाली नाही. बैलगाडीतून नेईपर्यंत...
तेव्हापासून अप्पांनी गाडी एकदाही बंद पडू दिलेली नाही.
मी शिकवते त्या शाळेला दिवाळीची सुट्टी. दुपारी नांदेडहून पोचले, तर अप्पा बॉनेट उघडून उभे.

४ नोव्हें.
सकाळी त्यांचा रोजचा क्रम. रेडिएटरचं पाणी, ऑइल, टायर. बॅटरीच्या टोकांवर पांढरं साचलेलं गरम पाण्यानं धुतलं, ग्रीस लावलं. ऑइलची पट्टी माझ्या हातात दिली. "कुठवर हाय, सांग." लहानपणीही असंच विचारायचे. बरं वाटलं. मग तेल दोन बोटांत चोळून म्हणाले, "बदलाया आलं."

५ नोव्हें.
युसूफमामूंच्या गॅरेजवर ऑइल बदललं. गाडी पहिल्यापासून त्यांच्याच हातची. अप्पा समोर चहाला गेले, तसे मामू मला गाडीच्या डाव्या बाजूला घेऊन गेले. दारावर लांब ओरखडा. त्याखाली जुने दोन, रंग मारून बुजवलेले.
"कुणाला सांगू नको म्हणले अप्पा. पन तू लेक हाय." थोडं थांबून, "गाडी ठणठणीत हाय बेटी. चलानेवाले का देखो."
कालची ऑइलची पट्टी. मला वाटलं, शिकवतायत. त्यांना दिसतच नव्हतं.

६ नोव्हें.
गाडीच्या कागदांत, विम्याच्या मागे, डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी सापडली. काचबिंदू. दोन्ही डोळे. तारीख दोन वर्षांपूर्वीची.
जशी होती तशी ठेवून दिली.

८ नोव्हें.
संध्याकाळी अप्पा गाडी घेऊन औषधं आणायला निघाले. मी शेजारी बसले. क्लास सुटायची वेळ. सगळा रस्ता सायकलींनी भरलेला, पाठीवर दप्तरं, तोंडानं कसलीशी सूत्रं चाललेली. एक मुलगी डावीकडून आली. "अप्पा, डावीकडं!" मी किंचाळलेच. ब्रेक जागच्या जागी लागला. सायकल आडवी. मुलीला काही झालं नाही. "सॉरी आजोबा," म्हणाली. तिची काहीच चूक नव्हती.
"बघितलास का ब्रेक?" अप्पा हसले. पुढं दुसरा गिअर टाकलाच नाही.
तिचे आईवडील कुठल्या गावी असतील. देगलूर, जळकोट, कुठेही. आपली पोर खोलीवर अभ्यास करतेय, असंच समजून.

१० नोव्हें.
आडून विषय काढला. "अप्पा, आता हाक मारली की रिक्षा येते. ॲम्ब्युलन्स येते."
"तवा तर गाडीच व्हती दारात."
"मी आहे की."
"हाव. नांदेडाहून उडत येशील."
दोघंही हसलो. मग ते बराच वेळ गाडीची काच पुसत राहिले. स्वच्छच होती.

१२ नोव्हें.
उद्या निघायचं. मामूंशी बोलले. ते दर रविवारी घरी येतील, अप्पांच्या सोबत सगळं बघतील, इंजिन चालू करतील. गाडी विकायची नाही. चिठ्ठीबद्दल मी काही बोलणार नाही.
चहा झाला की विचारणार आहे. नाहीच म्हणतील, उठून आत जातील. तरीही.
अप्पा, गाडी तुमचीच राहू द्या. किल्ली तेवढी मला द्या.