गुडघ्याखालची पट्टी

आई,

काल दुपारी दुकानात एक सिस्टर आली होती. पंचवीस-सव्वीसची असेल, कॅज्युअल्टीत लागून दोन वर्षं झालेली. पोटऱ्या दाखवायला आधी लाजली, मग स्वतःच हसली. "काका, बारा-बारा तास उभी असते हो. संध्याकाळी हे पाय माझे वाटतच नाहीत." मी तिचं माप घेतलं नाही. तिला सांगितलं, उद्या सकाळी उठल्या उठल्या, पाय जमिनीला लावायच्या आधी पट्टी बांध आणि रिक्षा करून ये, इथे बसून सोडू. दुपारच्या सुजलेल्या पायाचं माप मी घेत नाही. नौपाड्यात पायांच्या शिरांसाठी पट्टे आणि मोजे विकणारे चार जण आहेत, पण गिऱ्हाईक परत पाठवणारा मी एकटाच. डॉक्टर चिठ्ठीवर दुकानाचं नाव लिहितात ते उगाच नाही. मग तिने विचारलं, कुठे शिकलात हे सगळं? यावर माझं उत्तर ठरलेलं आहे. गेली कित्येक वर्षं मी ते देत आलो आहे: "माझी आई तुमच्यातलीच. कल्याणला कॅज्युअल्टीत होती. मी रिक्षाची हूडं शिवायचो. पहिला मोजा तिच्यासाठी शिवला. कोणी शिकवलं नाही." लोक हे ऐकून बरं म्हणतात, कौतुकाने बघतात, विषय संपतो. ही पोरगी मात्र थांबली. म्हणाली, "मग त्यांना आराम पडला असेल ना?" इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "हो, खूप," आणि टेप गुंडाळायला लागलो. टेप आधीच गुंडाळलेली होती.

म्हणून आज हे लिहायला बसलो. शेजारच्या एसटीडी बूथवाल्याला सांगितलंय, कोणी आलं तर तासाभराने ये म्हण.

डोंबिवलीची आपली ती दीड खोली मला इंचाइंचाने आठवते. सकाळी पाचला तू उठतेस. उठतेस म्हणजे खाटेवर नुसती बसतेस, पाय खाली सोडत नाहीस. उशाशी ठेवलेली क्रेपची पट्टी घेऊन बोटांच्या मुळापासून सुरुवात करतेस, घोट्याला आठाचा आकडा घालतेस, मग वर, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर बरोबर अर्धा. डावा पाय, मग उजवा. मगच चहाचं आधण. पिशवीत तुझ्या चपलांचे दोन जोड असायचे, एक सहा नंबरचा आणि एक सात. दुपारपर्यंत सहा. पुढची पाळीवाली आली नाही आणि डबल ड्यूटी लागली, की सात. पाणी तू सकाळी एक ग्लास प्यायचीस आणि नंतर घरी आल्यावर, कारण मध्ये जायला वेळ मिळेल याची खात्री नसायची. गॉज कापताना टाचा वर-खाली करायचीस, तेवढंच रक्त वर चढतं म्हणून. आणि बसायचं नाही हा तुझा स्वतःचा नियम होता. तसं कुठल्या पुस्तकात नव्हतं. नातेवाईक रक्ताने भिजलेला माणूस धरून उभे असताना सिस्टर स्टुलावर दिसली, तर त्यांचा धीर सुटतो, असं तू म्हणायचीस.

घरी आल्यावर मात्र तू थेट स्वयंपाकघरात जमिनीवर आडवी व्हायचीस आणि दोन्ही पाय भिंतीला वर लावायचीस. स्टोव्हपासून हातभर अंतरावर. तिथून माझा स्वयंपाक चालवायचीस. "अरे, मोहरी तडतडू दे आधी. घाई कसली?" "तुला कसं कळलं नाही तडतडली ते?" "कान आहेत ना मला. पाय गेलेत, कान नाही गेले." तुझ्या तेल लावलेल्या टाचांचे दोन डाग भिंतीवर पडले होते. चुना मारला तरी दोन महिन्यांत परत उमटायचे.

मी तेव्हा वीस वर्षांचा. अकरावीत नापास होऊन बसलेलो, दोन नोकऱ्या सोडलेल्या, त्यातली एक भांडून. बाबा गेल्यावर आपल्याकडे येणारा प्रत्येक नातेवाईक मला बघून तुझ्याकडे बघायचा. मग कल्याणला हूड आणि सीटकव्हर शिवणाऱ्याकडे लागलो. सहा महिन्यांत त्याच्यापेक्षा सरळ शिलाई मारू लागलो, हे मी आजही सांगेन. हुडाचं एक तंत्र असतं. कडेची पट्टी करकचून ओढायची, म्हणजे मधल्या कापडाला झोळ पडत नाही. कड ढिली राहिली की सगळं हूड फडफडतं. हे मी स्वतः शोधलं होतं आणि त्याचा मला फार गर्व होता.

तुझ्या क्रेपच्या पट्ट्या धुऊन धुऊन मऊ पडल्या होत्या, दुपारी बाराच्या आत घोट्यात उतरायच्या. मी उल्हासनगरला जाऊन रबरी धाग्याचं विणलेलं कापड शोधलं. तुझ्या सुट्टीच्या दिवशी, तू आठ तास झोपून उठल्यावर, पाच ठिकाणी माप घेतलं. घोटा पावणेनऊ. पोटरी साडेतेरा. गुडघ्याखाली तेरा. ही मापं मला वहीत बघावी लागत नाहीत. मोजा घसरू नये म्हणून गुडघ्याखाली दोन इंच रुंदीचं जाड इलॅस्टिक लावलं, आणि ते कापलं साडेअकरा. तेराच्या पायाला साडेअकरा. घोट्याला कापड जवळजवळ मोकळंच ठेवलं. कड घट्ट, मधे झोळ नाही. हुडासारखं.

तू मोजे घातलेस. वरच्या पट्टीत एक बोट घालून बघितलंस. बोट जाईना. 

"वर थोडं सैल केलंस तर?"

"मग घसरेल."

"आम्ही पट्टी खाली घट्ट बांधतो रे. वर जाताना सैल."

"पट्टी वेगळी, मोजा वेगळा. तू इंजेक्शनं दे. शिवणाचं मला नको सांगूस."

तू हसलीस. "बरं, शिंपीबुवा." आणि दुसऱ्या दिवशी ते घालून ड्यूटीला गेलीस. नव्या मुलींनी गुडघ्याखाली एक वेढा जास्त आवळला तर त्यांना सगळ्या वॉर्डासमोर परत बांधायला लावणारी तू. हे मला अजून समजलेलं नाही. म्हणजे समजलंय, पण ते समजणं नको वाटतं.

त्या दिवशी दुपारी एकला मी डबा घेऊन आलो. खरं तर डबा निमित्त होता, मला मोजे बघायचे होते. दारातच मावशी भेटली. खाडीकाठच्या कोळीवाड्यातून येणारी ती आयाबाई, तुझी मैत्रीण म्हणायची की सासू, कोण जाणे. तिने मला बघून आत आवाज दिला, "आला गो बाय तुझा शिंपी!" आणि माझ्याकडे वळून, "काय रं, आयशीचं पाय बांधलान का गळा? सकाळधरनं बघतंय, नुसती पाय झटकतेय." मी आत बघितलं. तू ड्रेसिंगच्या ट्रॉलीपाशी उभी होतीस, आणि माझे मोजे गुंडाळून घोट्यापर्यंत खाली केलेले होते. पांढऱ्या साडीखालून ती वळकटी दिसत होती.

मला तिथेच राग आला. वॉर्डबॉय होता, दोन पेशंट होते, मावशी होती. मी म्हणालो, "एवढं करून दिलं, तर चार तासही पायात ठेवत नाहीस. मला वाटलंच होतं. घरात माझ्या हातचं कशालाच किंमत नाही." असंच म्हणालो, शब्द बदललेला नाही. मावशी म्हणाली, "अरे गप रं." तू ट्रॉली सोडून पडद्यामागे गेलीस. परत आलीस तेव्हा मोजे वर होते. "उकडत होतं म्हणून खाली केले होते," एवढंच म्हणालीस. मी डबा ठेवला.

मी अजून फाटकापर्यंत पोचलो नव्हतो तेवढ्यात शीळफाट्यावरून टेम्पो आला. दुसरा एक टेम्पो उलटला होता, त्यातली माणसं यात घालून आणलेली, मिरच्यांच्या पोत्यांवर. मी दोघांना उतरवायला हात दिला. तू दारात होतीस. कोण आधी, कोण नंतर, हे बोटाने दाखवत होतीस, आणि तुझा आवाज एकदाही चढला नाही. मला तेव्हा तुझा अभिमान वाटला, आणि त्याच वेळी हेही मनात आलं की मोजे बघ कसे जागेवर आहेत. मग मी कामावर गेलो. तुझी पुढची पाळीवाली त्या दिवशी आली नाही. तू सकाळी सातपासून दुसऱ्या पाळीच्या शेवटापर्यंत उभी राहिलीस. घरी कधी आलीस ते मला कळलं नाही, मी झोपलेला होतो.

मला कळलं ते सकाळी, तू पट्टी बांधायला पाय वर घेतलेस तेव्हा. दोन्ही गुडघ्यांखाली दोन इंच रुंदीची खाच, जांभळी, कडांना फोड आलेले. खाली पोटऱ्या घट्ट, चकचकीत. डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला एक काळसर ठिपका, हरभऱ्याएवढा. मी दारातच उभा राहिलो. तू म्हणालीस, "ये, बस इथे. हे बघ," आणि माझा हात धरून माझ्याच मनगटावर पट्टी बांधून दाखवलीस, आधी बरोबर, मग उलटी. उलटी बांधल्यावर माझी बोटं फुगली. "रक्ताला वर जायचं असतं. तू वरचं दार लावलंस." रागावली नाहीस. मी त्याच दिवशी ते इलॅस्टिक उसवलं. नवा जोड शिवला, घोट्याला घट्ट, वर सैल, आणि तो तू चार वर्षं वापरलास. म्हणजे "कोणी शिकवलं नाही" हे जे मी दुकानात सांगतो, ते खोटं आहे. पण ती या पत्रातली लहान गोष्ट.

तो ठिपका दोन महिन्यांनी फुटला आणि त्याची जखम कधी पूर्ण भरली नाही. तू रोज स्वतःची ड्रेसिंग करायचीस, पेशंटची करावी तशी, पुटपुटत, "थोडं झोंबेल हं." मग तुला कॅज्युअल्टीतून काढून ओपीडीत बसवलं. बसवलं हा शब्दच तुला लागला. मावशी भेटायला यायची तेव्हा म्हणायची, "आता राणीसारखी खुर्चीत बसतेस." आणि तू म्हणायचीस, "राणीला विचार कशी बसते ती." चार वर्षांनी एका सकाळी चहाचं आधण ठेवता ठेवता तुला धाप लागली, आणि रिक्षा स्टेशनपर्यंत पोचायच्या आधी सगळं संपलं. कागदावर हृदय लिहिलं. आणखी खोलात जायला कोणी सांगितलं नाही. मीही म्हटलं नाही.

त्यानंतर मी वाचायला लागलो. रद्दीच्या दुकानातून नर्सिंगचं जाड पुस्तक आणलं, शेजारी डिक्शनरी ठेवून रोज दोन पानं. शिरांचा भाग मला पाठ आहे. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात जाते, माणसाला धाप लागते, लोकांना हृदय वाटतं, हे त्यात लिहिलेलं आहे. मी ते पान वाचलं त्या दिवशी हूडवाल्याकडे गेलो नाही. पुढे दुकान काढल्यावर, एका सर्जनना मोजे दाखवायला गेलो असताना, गिऱ्हाइकाची गोष्ट म्हणून विचारलं: चुकीचा मोजा एक दिवस घातला तर एवढं होतं का? ते म्हणाले, "शिरा आधीच गेलेल्या असणार. सिस्टर लोकांच्या असतातच. पण एका दिवसाने काय होतं आणि काय नाही, सांगता येत नाही." मी मान डोलावली आणि मापांची वही पुढे केली.

कालची पोरगी आज सकाळी पट्टी बांधून आली होती. चुकीची बांधली होती, वर आवळलेली. मी सोडायला लावली, आणि तिच्या मनगटावर बांधून दाखवली. तिने काल विचारलं होतं त्याचं खरं उत्तर मला सांगायचं होतं, पण बाहेर दोन माणसं थांबली होती.

आई, जखम चिघळली होती त्या दिवसांत एकदा तू ड्रेसिंग करता करता, मी काहीही बोललेलो नसताना, म्हणालीस: "या जुन्या शिरा आहेत रे. वीस वर्षं उभं राहिल्याच्या. तुझ्या मोज्याचा यात काही संबंध नाही." मी लगेच म्हणालो, "हो ना," आणि मला इतकं हलकं वाटलं की मी बाहेर जाऊन वडापाव खाल्ला. तू नर्स होतीस. संबंध आहे की नाही हे तुला नक्की माहीत होतं. मी परत कधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू कदाचित खरं सांगितलं असतंस. पुढची चार वर्षं तू रोज माझ्यासमोर होतीस. मी विचारलं नाही. आणि आज हे सगळं लिहून झाल्यावरही, तू उत्तर देऊ शकत नाहीस याचं मला थोडं बरं वाटतंय.